मोड आणलेल्या नाचणी-ज्वारीच्या पिठातलं नायट्रेट नेमकं कसं मोजायचं? मदत हवी आहे

आमचा बार्शी तालुक्यात महिला बचत गट आहे. नाचणी आणि मालदांडी ज्वारी भिजवून, मोड आणून, वाळवून दळतो आणि बाळाच्या खिरीसाठी पीठ विकतो. भिजवायला विहिरीचंच पाणी. गेल्या महिन्यात ते तपासून घेतलं, तर नायट्रेट (खतातून पाण्यात झिरपणारा नायट्रोजनचा क्षार) लिटरला ७० मिलिग्रॅम आलं. पिण्याच्या पाण्याला भारतीय मानकाची मर्यादा ४५ आहे. आजूबाजूला सगळा ऊस, युरियाच्या गोण्या रिकाम्या होताना रोज बघतो, तेव्हा आकड्याचं नवल वाटलं नाही. पिठाची काळजी मात्र लागली.

मत्स्यपालनाच्या दुकानातून चाचणीपट्ट्या आणल्या. १० ग्रॅम पीठ १०० मिली कोमट डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास ठेवलं, फडक्यातून गाळलं आणि पट्टी बुडवली. रंग लिटरला १० आणि २५ मिलिग्रॅमच्या मधला. दहापट विरलंय म्हणजे किलोला १०० ते २५० मिलिग्रॅम. युरोपात बाळांच्या धान्याहाराला मर्यादा २०० आहे, म्हणजे आम्ही रेषेच्या अलीकडे की पलीकडे हेच कळेना. त्यात स्टार्चमुळे द्रावण दुधाळ आणि नाचणीचा तांबूस रंग पट्टीवर उतरतो. नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात पट्टी पांढरी राहिली. मोड न आणलेल्या ज्वारीच्या पिठातही जवळजवळ पांढरीच. पट्टीवरचा नायट्राइटचा (नायट्रेटपासून बनणारा, बाळाच्या रक्ताला ऑक्सिजन वाहू न देणारा पदार्थ) चौकोन मात्र मोडाच्या पिठात किंचित गुलाबी झाला, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. दमट धान्यात जिवाणू नायट्रेटचं नायट्राइट करतात ना?

हिशोब करून पाहिला. किलोभर धान्य अर्धा लिटर पाणी प्यायलं, तर त्यातून ३५ मिलिग्रॅम येतं. पाणी उडून जातं, नायट्रेट धान्यातच राहतं. पण मोड येताना आम्ही दिवसातून तीनदा पाणी शिंपडतो, ते वेगळं. आणि ३० ग्रॅम पिठाची खीर याच विहिरीच्या २०० मिली पाण्यात केली, तर पाण्यातूनच १४ मिलिग्रॅम जातं, पिठातून ३ ते साडेसात. उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होतं. म्हणून भिजवायला आणि शिंपडायला आरओचं पाणी कालपासूनच सुरू केलंय. खीर कोणत्या पाण्यात करावी तेही पाकिटावर छापणार आहोत.

आता जाणकारांनी सांगावं. प्रयोगशाळेत नमुना देताना कोणती पद्धत मागू? आयन क्रोमॅटोग्राफी (द्रावणातले क्षार वेगवेगळे करून मोजणारी यंत्रपद्धत), की कॅडमियमने नायट्राइट करून गुलाबी रंग मोजतात ती? गढूळपणा काढायला कॅरेझ द्रावण वापरा असं आपण सांगायचं, की ते त्यांना माहीतच असतं? अहवालात 'नायट्रेट' आणि 'नायट्रेट-नायट्रोजन' (त्यातल्या फक्त नायट्रोजनचं वजन) यांत ४.४३ पटींचा फरक पडतो, तोही लिहून मागणार आहे. नायट्राइट वेगळं मोजून घ्यावं का? आणि एका घाणीतला (एका वेळी केलेल्या पिठातला) नमुना पुरे, की तीन घाण्यांतला एकत्र करू? पुढची घाणी सोमवारी आहे. त्याआधी उत्तर मिळालं तर बरं होईल; तोवर जुना साठा विकायचा थांबवावा असं वाटतं.

भर: आत्ताच गटातल्या तायांशी बोलले. उत्तर येईपर्यंत जुना साठा बाजूलाच ठेवायचं ठरलं.