गॉथिक भयकथा नृत्यात आणल्यावर तिच्यातले भय उरते का?

रात्रवाचक: लंडनच्या रॉयल बॅलेने २०१६ साली लियाम स्कार्लेट यांच्या नृत्यरचनेतून ‘फ्रँकेन्स्टाइन’ रंगमंचावर आणले. प्रयोग देखणा आहे, शरीरविच्छेदनगृहाचे नेपथ्य तर अप्रतिमच. तरीही गॉथिक, म्हणजे गूढ नि काळोख्या वातावरणाच्या, भयकथेचा प्राण निवेदनात असतो आणि नृत्यात नेमका तोच आधी जातो, असे माझे मत आहे. मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीत शास्त्रज्ञ फ्रँकेन्स्टाइनने घडवलेला तो जीव सलग सहा प्रकरणे स्वतःची कहाणी सांगतो. एका कुटुंबाचे बोलणे लपून ऐकत तो भाषा शिकतो, कवी मिल्टन वाचतो आणि शेवटी आपल्या निर्मात्यालाच जाब विचारतो. एवढ्या भेसूर देहातून एवढी सुसंस्कृत वाणी निघावी, हाच तिथला खरा हादरा आहे. त्याची वाचाच काढून घेतली की टाके घातलेला एक दुःखी नर्तक उरतो. त्याची कीव येते, धास्ती वाटत नाही.

नूपुर: शेलीपुरते हे मान्य, पण सगळ्यांना एकच माप लावू नये. ब्रॅम स्टोकरच्या १८९७च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत डायऱ्या, पत्रे, तारा आणि वर्तमानपत्रांची कात्रणे यांची रेलचेल आहे, त्यात रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युलाची स्वतःची डायरी मात्र कुठेच नाही. त्याच्या किल्ल्यात आलेला जोनाथन हार्कर खिडकीतून पाहतो तेव्हा काउंट डोके खाली करून किल्ल्याच्या भिंतीवरून पालीसारखा सरपटत उतरत असतो आणि त्याचा झगा पंखांसारखा पसरलेला असतो. या प्रसंगात शब्द एकही नाही, आहे ती केवळ हालचाल. ती नर्तकाइतकी दुसरे कोण दाखवणार?

रात्रवाचक: त्याच प्रसंगात हार्करला आधी तो चांदण्याचा भास वाटतो, हे आपण सोडून दिलेत. वाचकाचा जीव त्या संशयात टांगलेला राहतो. रंगमंचावर दोरीला धरून उतरणारा नर्तक दिसला, की संशयाला जागाच उरत नाही.

तिसरी घंटा: मार्क गॉडेन यांनी रॉयल विनिपेग बॅलेसाठी केलेल्या ‘ड्रॅक्युला’वरून गाय मॅडिन यांनी २००२ साली चित्रपट केला, तो मूकपटाच्या धाटणीचा. संगीत संगीतकार माहलरचे, आणि मधूनमधून मजकुराच्या पाट्या. म्हणजे गेलेले शब्द मागच्या दाराने परत आणावेच लागले. (मला तो फार आवडतो, हा भाग वेगळा.)

नूपुर: मग १८४१च्या ‘जीझेल’ या बॅलेचे काय? लग्नाआधीच मेलेल्या, दगा झालेल्या मुली विली, म्हणजे भुते, होऊन रात्री पुरुषांना मरेपर्यंत नाचवतात. विलींची राणी मिर्था जीझेलवर प्रेम करणाऱ्या हिलारियनला दयामाया न दाखवता तळ्यात ढकलवते. जीझेलला दगा देणारा आल्ब्रेख्त पहाटेपर्यंत नाचत राहतो, आणि थकल्याचा अभिनय करणाऱ्या त्या नर्तकाला खरोखरच धाप लागलेली असते. तिथे नाचणे हीच शिक्षा आहे. हे भय कोणत्या निवेदनाने अधिक गडद झाले असते?

रात्रवाचक: कोणत्याच नाही, हे निर्विवाद. पण ‘जीझेल’ ही चारशे पानांची कादंबरी छाटून केलेली नाही. जर्मन कवी हायनेने सांगितलेल्या विलींच्या छोट्याशा दंतकथेचे बीज घेऊन ती नृत्यासाठीच रचली गेली. माझा आक्षेप नृत्यातल्या भयाला कधीच नव्हता. निवेदनावर उभी असलेली कादंबरी घेऊन तिचे निवेदनच गाळायचे, या हट्टाला आहे.