को फांगान ऑफ सीझनमध्ये: दिवाळीत जावं की जूनमध्ये? (नागपूरहून, कुटुंबासह)

अंबाझरी_सकाळ (प्रश्न)

थायलंडचं को फांगान फुल मून पार्टीसाठी जगभर गाजलेलं आहे. आम्हाला पार्टी नको, बेट हवंय. आम्ही दोघं, आठवीतली मुलगी आणि ६६ वर्षांची आई. सगळे शाकाहारी, आई कांदा-लसूणही खात नाही. दिवाळीची सुट्टी किंवा जूनचा दुसरा आठवडा, असे दोनच पर्याय आहेत. दिवाळीनंतरच्या तारखांना हॉटेलांचे दर खूपच उतरलेले दिसतात, म्हणून मन तिकडे ओढतंय. जूनमध्ये तिथे पावसाळा असतो असं सगळीकडे वाचलं. नक्की कधी जावं, बेटाच्या कोणत्या बाजूला राहावं, आणि आईला झेपेल असा रस्ता कोणता? जाणकारांनी तपशिलात सांगावं.

पश्चिमवारा

दिवाळीचा स्वस्त दर पाहून बुकिंग करू नका. तो दर पावसामुळे उतरलेला असतो.

जूनमध्ये पावसाळा असतो हे फुकेत आणि क्राबीला लागू आहे. ती ठिकाणं अंदमान समुद्राच्या बाजूला, म्हणजे नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या तोंडावर आहेत. को फांगान आणि शेजारचं को सामुई थायलंडच्या आखातात, डोंगररांगेच्या पलीकडे. नैऋत्येचा पाऊस बराचसा त्या डोंगरांवर सांडतो आणि आखाताकडे उरतात संध्याकाळच्या तासा-दोन तासांच्या सरी. ऑक्टोबरच्या मध्यानंतर वारा ईशान्येकडून फिरतो, आखातावरून बाष्प उचलतो आणि थेट या बेटांवर ओततो. सामुईचा नोव्हेंबरचा सरासरी पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास आहे. नागपूरचा अख्खा जुलैसुद्धा एवढा नसतो. जूनमध्ये तिथे शंभर-सव्वाशे मिलिमीटर पडतो.

त्यामुळे दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस वा नोव्हेंबरमध्ये येते तेव्हा तुम्ही बरोबर वाईट आठवड्यांत सापडता. सलग तीन दिवस झड, पूर्व किनाऱ्यावर लाल बावटे, कॅटामरान (जलद प्रवासी बोटी) रद्द. सोबत वयस्कर माणूस असताना हा जुगार नको.

जून मात्र तुमच्यासाठी खरोखर चांगला आहे, आणि हा फायदा खास आपल्या विदर्भाचा. उन्हामुळे आपल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास उघडतात, उरलेल्या महाराष्ट्रात आधीच सुरू झालेल्या असतात. युरोपातली सुट्टी जुलैपासून सुरू होते आणि जुलै-ऑगस्टमध्ये बेट पुन्हा भरतं, दरही चढतात. म्हणजे ५ ते २२ जून ही खिडकी उघडी आहे: खोल्या रिकाम्या, समुद्र शांत, मुलीची शाळा बुडत नाही.

आता बाजू. याबाबत फसगत सर्वांत जास्त होते. आखातातल्या पाण्याची पातळी वर्षभर सारखी नसते. ईशान्य वाऱ्याच्या दिवसांत पाणी आखातात ढकललं जातं, नैऋत्य वाऱ्याच्या दिवसांत बाहेर ओढलं जातं. त्यात मे ते सप्टेंबर ओहोटी बहुधा दिवसा येते. परिणाम असा की पश्चिमेचे हाद याओ, हाद सलाद, सी थानू आणि दक्षिणेचे बान ताय, बान काय हे किनारे जूनमध्ये दुपारी गुडघाभर पाण्याचे होतात. प्रवाळ उघडे पडतात, पोहता येत नाही. हॉटेलच्या फोटोतलं निळं पाणी जानेवारीतलं असतं.

म्हणून जूनमध्ये ईशान्येला थोंग नाय पान इथे राहा. दोन शेजारशेजारचे अर्धवर्तुळाकार किनारे आहेत, नोय म्हणजे लहान आणि याय म्हणजे मोठा. पाणी बारा महिने पोहण्याइतकं खोल, वाळू मऊ, उतार हळू. आईसाठी याय बरा, तो जास्त निवांत आहे आणि खाण्याची साधी दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. थोंग साला बंदरापासून पाऊण तास लागतो, रस्ता डोंगरातून जातो, म्हणून खोली घेताना हॉटेलचीच गाडी बंदरावर बोलवा. उत्तरेचा बॉटल बीचही सुंदर आहे, पण तिथला खडबडीत रस्ता आईसाठी नको. जूनमध्ये चालोकलुमहून लांब शेपटीची नाव मिळते, सकाळी जाऊन दुपारी परत या.

खामला_ते_खाओरा

वरच्या प्रतिसादात एक भर घालतो. तारीख ठरवायला कालनिर्णय काढा आणि पौर्णिमा पाहा. पार्टी पौर्णिमेच्या रात्री आग्नेय टोकाच्या हाद रिनला होते. त्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून बोटी, टॅक्स्या आणि खोल्या सगळ्या बेटावर भरतात, आणि हाद रिनची बरीच हॉटेलं तीन ते पाच रात्रींची सक्ती करतात. पौर्णिमा उलटून दोन दिवस झाले की बोटी उलट दिशेने भरलेल्या, बेट मोकळं. तेव्हा उतरा.

अमावास्येला पूर्ण शांतता असते असंही समजू नका. अमावास्येला आणि पौर्णिमेच्या आठवडाभर आधी-नंतर वेगळ्या पार्ट्या असतात, पण त्या बान तायच्या बाजूला. थोंग नाय पानला त्यांचा आवाज पोचत नाही, मधे डोंगर आहे.

पौर्णिमा बौद्ध सणाची असेल तर पार्टी एखादा दिवस पुढे-मागे सरकते. माखा बुचा, विशाखा बुचा, आसान्हा बुचा हे ते सण. आपल्या नागपूरकरांना वाटेल की विशाखा बुचा म्हणजे आपली बुद्ध पौर्णिमा, तीच तारीख. अधिक महिन्याच्या वर्षी तसं होत नाही. २०२६ चं उदाहरण घ्या: आपली बुद्ध पौर्णिमा १ मे, थायलंडची विशाखा बुचा ३१ मे. त्यामुळे पौर्णिमा आपल्या पंचांगात पाहा, पण सण थाई कॅलेंडरमध्येच पाहा. त्या दिवशी दारूविक्रीवर निर्बंध असतात आणि देवळांत संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन प्रदक्षिणा होते. तुमच्यासारख्या कुटुंबाने तो दिवस टाळू नये, मुद्दाम धरावा.

दिवाळीबद्दल मात्र थोडा मतभेद. ज्याला धबधबे पाहायचेत त्याला जून निराश करतो. फेंग आणि थान सदेत दोन्ही उन्हाळ्यात आटतात आणि जूनमध्ये नुसते ओघळ उरतात. थान सदेतच्या प्रवाहाकाठी खडकांवर थायलंडचे पूर्वीचे राजे चुलालोंगकोर्न यांची आद्याक्षरं कोरलेली आहेत, ते इथे अनेकदा आले. तो ओढा भरून वाहताना पाहायचा तर नोव्हेंबर-डिसेंबरच. पण तसं जायचं तर एकट्यादुकट्याने, हाताशी जास्तीचे दिवस ठेवून. आईंना घेऊन नाही, इथे मी वरच्यांशी सहमत.

फुटाळा७८

रस्त्याचं मी सांगतो, कारण लोक इथेच पैसे वाचवायला जातात अन् फसून राहिले.

फांगानवर विमानतळ नाही. नागपूरहून बँकॉकला मुंबई, दिल्ली किंवा कोलकाता असं कुठूनतरी जोडून जावं लागते. सगळे टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं घेतली अन् पहिलं विमान उशिरा सुटलं, तर पुढची कंपनी जबाबदारी घेत नाही.

बँकॉकला विमानतळ दोन. सुवर्णभूमी अन् डॉन मुआंग. तुम्ही सुवर्णभूमीला उतरले अन् सुरत थानीचं (मुख्य भूमीवरचं शहर, तिथून पुढे बोटीचा रस्ता) स्वस्त विमान डॉन मुआंगहून असलं, तर मधे तास-दीड तासाची बस. पुढचं तिकीट दाखवलं की दोन विमानतळांमधली शटल बस फुकट असते, पण इमिग्रेशन, सामान, ट्रॅफिक धरून पाच तासांपेक्षा कमी वेळ ठेवू नका.

आईसाठी माझं स्पष्ट मत: सुवर्णभूमीहून थेट सामुईचं विमान घ्या. तिकीट महाग पडते, मान्य. पण विमानतळ बदलावा लागत नाही, आणि सामुई विमानतळापासून बांग राकचा धक्का दहा मिनिटांवर. तिथून बोट अर्ध्या-पाऊण तासात फांगानला. बोट थोंग सालाला जाते की हाद रिनला, हे तिकीट घेतानाच विचारा. तुम्हाला थोंग साला पाहिजे. सामुईला दुपारी दोनच्या आत उतरा. संध्याकाळी पाच-सहानंतर नियमित बोटी बंद होतात, मग एक रात्र सामुईलाच.

स्वस्त रस्ता असा: सुरत थानीपर्यंत विमान, किंवा बँकॉकच्या क्रुंग थेप अपिवात स्टेशनहून रात्रीची स्लीपर, नऊ ते बारा तास. मग बसने डोनसाक धक्का, दीड-दोन तास. मग 'राजा फेरी' कंपनीची बोट अडीच तास, किंवा लोमप्राया कंपनीची कॅटामरान त्याहून लवकर. कॅटामरान हलकी असते, लाटा वाढल्या की आधी तीच रद्द होते अन् उलट्याही तिच्यावरच जास्त होतात. गाड्या नेणारी मोठी फेरी संथ पण स्थिर. आईला मळमळ होत असेल तर फेरीत, मधल्या भागात, खालच्या मजल्यावर बसवा. गोळी बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधी द्या, डॉक्टरला विचारून.

परतीला बेटावरून निघायचा दिवस अन् बँकॉकहून भारताचं विमान एकाच दिवशी ठेवू नका. एक रात्र बँकॉकला ठेवाच.

अन् एक. थायलंड डिजिटल अरायव्हल कार्ड १ मे २०२५ पासून सक्तीचं आहे. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं, प्रत्येकाचं वेगळं, मुलीचंही. पूर्ण मोफत आहे. जी वेबसाइट पैसे मागेल ती सरकारी नाही. व्हिसाचे नियम तिकडे बदलत राहतात, तिकीट काढायच्या आधी दूतावासाच्या पानावर पाहून घ्या.

अंबाझरी_सकाळ

खूप आभार, दिवाळी रद्द. जूनच करतो, वटपौर्णिमेपासून दूर राहील असा आठवडा पाहून. दोन शंका उरल्या: स्कूटर घेऊ का? आणि आईच्या जेवणाचं काय?

फुटाळा७८

स्कूटरबद्दल दादा, हात जोडून सांगतो, चौघांसाठी घेऊ नका. बान कायपासून हाद रिनपर्यंतचे चढ भयंकर उभे आहेत, वर वाळू अन् ओलावा. उतारावर पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरते. बेटावर इतके पर्यटक बँडेज बांधून फिरतात ते यामुळेच. थोंग नाय पानला राहून एक-दोन दिवस पिकअप टॅक्सी ठरवा, चौघांत परवडते.

तुम्ही एकट्याने घ्यायचीच असेल तर नागपूरहून निघायच्या आधी आरटीओचं आंतरराष्ट्रीय परमिट काढा. सारथी पोर्टलवर अर्ज होतो, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. तुमच्या लायसन्सवर दुचाकीचा वर्ग असला पाहिजे. नुसत्या कारच्या लायसन्सवर काढलेलं परमिट तिथे स्कूटरला चालत नाही, अन् अपघात झाला तर विमा कंपनी तेच कारण देऊन दावा नाकारते. गाडी घेताना पासपोर्ट गहाण ठेवू नका, झेरॉक्स अन् रोख अनामत द्या. जुने ओरखडे व्हिडिओत घ्या, दुकानदारासमोर.

तर्रीवाली_ताई

जेवणाचं मी सांगते. थायलंडमध्ये नुसतं व्हेज म्हणून भागत नाही. भाज्यांच्या ग्रीन करीच्या वाटणातही कापी, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. पपईच्या सोम तामात सुकी कोळंबी आणि नाम प्ला हा माशांचा सॉस असतो. पाद थायमध्येही तोच.

तुमच्या आईंसाठी एकच शब्द लक्षात ठेवा: जे. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं असतं. जे जेवणात मांस-मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नसतो. थोंग सालाच्या बाजारात विचारा. सी थानूला योगवाल्यांमुळे व्हीगन हॉटेलं भरपूर आहेत, पण तिथे कांदा-लसूण असतो, वेगळं सांगावं लागतं. जिथे जे मिळत नाही तिथे "माय साय नाम प्ला, माय साय कापी" (नाम प्ला घालू नका, कापी घालू नका) म्हणा आणि मोबाइलवर थाई लिपीत लिहूनही दाखवा, कारण आपल्या उच्चारात सूर चुकतात. कढई मात्र तीच असते, हे आईंना आधीच सांगून ठेवा.

खोली स्वयंपाकाच्या ओट्याची मिळाली तर उत्तम, नाहीतर किटली तरी असतेच. मेतकूट, भाजलेला रवा, भाजणी आणि लोणचं मोठ्या बॅगेत ठेवा. तांदूळ तिथे हवा तितका, पण रोजच्या खाण्यातला बराचसा चिकट नसलेला मोकळा भात असतो, मेतकुटाला तो चालतो.

पश्चिमवारा

एक राहिलं आणि ते गंभीर आहे. सामुई-फांगानच्या पाण्यात बॉक्स जेलीफिश असतात, पावसाळी महिन्यांत जास्त. दंश जीवघेणा ठरू शकतो. घाबरून पाण्यात जायचं टाळू नका, पण मुलीला पूर्ण बाह्यांचा आणि पायांपर्यंतचा लायक्राचा पोहण्याचा पोशाख घाला. कापडाच्या आडून दंश सहसा बसत नाही. संध्याकाळनंतर आणि पाऊस पडून गेल्यावर लगेच पाण्यात उतरू नका. अनेक किनाऱ्यांवर खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावलेल्या असतात. पहिल्याच दिवशी खांब कुठे आहे ते पाहून ठेवा. दंश झालाच तर किमान ३० सेकंद व्हिनेगर ओता. चोळायचं नाही, गोडं पाणी लावायचं नाही, वाळू घासायची नाही. श्वास थांबला तर आधी सीपीआर (छाती दाबून कृत्रिम श्वास). रुग्णवाहिका १६६९, टुरिस्ट पोलीस ११५५. हॉस्पिटल थोंग सालाजवळ आहे, थोंग नाय पानहून पाऊण तास, म्हणून व्हिनेगरची एक छोटी बाटली स्वतःच्या पिशवीतही ठेवा.