शब्दचर्चा : पूर्णांकाचा ‘ओव्हरफ्लो’ मराठीत कसा सांगावा?

प्रश्न : नाशिकमध्ये अभियांत्रिकी पदविकेच्या विद्यार्थ्यांसाठी मी सी भाषेतील चाचण्यांवर मराठी टिपणे लिहीत आहे. प्रिंटएफसारख्या, मजकुराची मांडणी करणाऱ्या फंक्शनांमधील ‘इंटिजर ओव्हरफ्लो’ कसा शोधावा, यावर त्यात एक प्रकरण आहे. मी ‘पूर्णांक ओसंडणे’ असे लिहिले होते. एका सहकाऱ्यांनी ‘अधिप्रवाह’ सुचविला. यांपैकी अर्थाला धरून कोणता शब्द आहे?

उत्तर १ : ‘ओसंडणे’ हे क्रियापद अस्सल आहे, परंतु येथे ते विद्यार्थ्याला भलत्या ठिकाणी शोधायला लावील. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की जास्तीचे पाणी खाली येते आणि रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीच्या अंगावर ते कुठवर चढले, हे कोणाही नाशिककराला डोळ्यांनी पाहता येते. पूर्णांकातून मात्र बाहेर काहीच पडत नाही. ३२ बिटांच्या चिन्हयुक्त, म्हणजे धन आणि ऋण दोन्ही संख्या ठेवणाऱ्या, पूर्णांकात २१४७४८३६४७ पर्यंतचीच संख्या मावते. तीत एक मिळवला तर बहुतेक यंत्रांवर उणे २१४७४८३६४८ हाती येते, आणि सी भाषेच्या प्रमाणकानुसार तर अशा बेरजेनंतर काय घडेल याची कसलीच हमी नसते. ‘अधिप्रवाह’ या शब्दातही प्रवाहच आहे, त्यामुळे त्याने अडचण सुटत नाही. मी ‘मर्यादालंघन’ सुचवितो.

‘ओसंडणे’ बफरसाठी, म्हणजे मजकूर ठेवायला दिलेल्या स्मृतीच्या तुकड्यासाठी, राखून ठेवावे, कारण तेथे नेमून दिलेल्या जागेबाहेर खरोखरच अक्षरे लिहिली जातात. हा भेद आपल्या प्रकरणात फार महत्त्वाचा आहे, कारण मांडणीच्या कोडमध्ये या दोन्ही घटना एकामागून एक घडू शकतात. कोड आधी मजकुराची लांबी मोजतो, मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्य-बाइटसाठी तीत एक मिळवतो, तेवढी स्मृती मागतो आणि मग लिहू लागतो. लांबीच्या हिशेबातच मर्यादालंघन झाले, तर मिळणारी जागा फारच तोकडी असू शकते आणि पुढचे लेखन तिच्याबाहेर ओसंडते. दोष बेरजेत असतो, लक्षण लेखनात दिसते. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर विद्यार्थी लक्षणावर इलाज करून थांबेल.

चाचणीची उदाहरणे देताना केवळ सर्वांत मोठी संख्या देऊन भागत नाही. रुंदी, म्हणजे मजकुराला किमान किती अक्षरांची जागा द्यायची तो आकडा, तारांकनाने, म्हणजे फंक्शनला पुरविलेले स्वतंत्र मूल्य (आर्ग्युमेंट) म्हणून दिली आणि ती ऋण असली, तर मजकूर डावीकडे सरकवावा आणि रुंदी धन धरावी, असा नियम आहे. पण उणे २१४७४८३६४८ चे चिन्ह बदलून येणारी संख्या त्या प्रकारात मावतच नाही. त्यामुळे नुसते चिन्ह बदलणेही मर्यादा ओलांडते. माझ्या मते ही चाचणी प्रत्येक टिपणात असायलाच हवी. दुसरे उदाहरण बेरजेचे आहे : एकाच मांडणीत प्रत्येकी १५०००००००० रुंदीची दोन क्षेत्रे दिली, तर प्रत्येक क्षेत्र मर्यादेत असते, परंतु एकूण लांबी ३०००००००००, म्हणजे मर्यादेपलीकडे जाते. अशा चाचणीसाठी एवढी स्मृती लागत नाही, कारण एसएनप्रिंटएफ या प्रिंटएफच्याच कुळातील, बफरमध्ये लिहिणाऱ्या फंक्शनला आकार शून्य आणि बफरच्या जागी नल (रिकामा पत्ता) दिले की ते केवळ लांबी सांगते. उत्तर पूर्णांकात मावणारे नसेल, तर पॉझिक्स या युनिक्स-प्रणालींच्या प्रमाणकानुसार ऋण मूल्य आणि ‘ईओव्हरफ्लो’ ही त्रुटी मिळायला हवी, आणि चाचणीने नेमके तेच तपासावे.

उत्तर २ : ‘मर्यादालंघन’ नाम म्हणून योग्य आहे. वाक्यात मात्र ‘बेरीज मर्यादा ओलांडते’ असेच लिहावे. ‘बेरजेचे मर्यादालंघन होते’ असे पुन्हा पुन्हा वाचताना विद्यार्थी थकतो. प्रकरणाच्या आरंभी ‘ओव्हरफ्लो’ हा रूढ शब्दही एकदा द्यावा, कारण त्रुटीसंदेशात त्यांना तोच भेटणार आहे.

एक पुरवणी जोडतो. ‘लांबी अधिक एक ही लांबीपेक्षा लहान आहे का’ अशी तपासणी अनेक जण बेरजेनंतर करतात. चिन्हयुक्त पूर्णांकात असे घडणारच नाही, असे गृहीत धरून कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधन, ती तपासणी काढून टाकू शकतो. म्हणून बेरजेआधीच कमाल मर्यादेतून एक संख्या वजा करून दुसरी तेवढ्यात बसते का, हे पाहावे.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. ३२ बिटांच्या चिन्हरहित, म्हणजे ऋण संख्या न ठेवणाऱ्या, पूर्णांकात ४२९४९६७२९५ नंतर शून्य येते, त्यालाही ‘मर्यादालंघन’च म्हणावे का?

उत्तर १ : त्याला ‘फेरा’ म्हणावे. तेथे संख्या पुन्हा शून्यापासून सुरू होते, हे प्रमाणकानेच ठरवून दिले आहे. त्यामुळे भाषेच्या दृष्टीने तो दोष नाही, पण लांबीच्या हिशेबात तो तितकाच घातक ठरतो. प्रोग्रॅम चालू असताना अशा चुका शोधणारा अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझर चिन्हयुक्त पूर्णांकाचे मर्यादालंघन पकडतो. चिन्हरहिताचा फेरा पकडायचा असेल, तर क्लँग या कंपायलरमध्ये त्यासाठीचा वेगळा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. ते न करता चाचणी चालविली आणि अहवालात ‘ओव्हरफ्लो आढळला नाही’ एवढेच लिहिले, तर फेऱ्याची तपासणी झालेलीच नाही, हे वाचणाऱ्याला कळणार नाही.