‘विकृती’ की ‘विकार’? आणि घरातला ‘धसका’

चिपळूणहून प्रश्न:
22 जुलै 2021 च्या पुरात आमच्या काकी माळ्यावर अडकल्या होत्या. तेव्हापासून मिरग आला की त्यांची झोप उडते. पत्र्यावर सर वाजली की उठून दारात पाणी बघतात. बाजारपेठेत तर पाऊलच टाकत नाहीत. आता कुठे डॉक्टरांना दाखवलं. तिथे मिळालेल्या माहितीपत्रकात ‘आघातपश्चात तणाव विकृती’ (इंग्रजीत पीटीएसडी) असं छापलंय आणि घरात रडारड झाली. आजी विचारतात, ‘माझ्या सुनेत विकृत काय दिसलं यांना?’ याला नीट शब्द कोणता? आणि आम्ही इतके दिवस ‘धसका’ म्हणत होतो, तो हाच का?

रत्नागिरीहून:
‘विकार’ म्हणा. हृदयविकार, नेत्रविकार म्हणताना कुणाला कमीपणा वाटत नाही. ‘विकृती’ मुळात त्याच धातूतून आलेला असला तरी ‘विकृत’ हे विशेषण आज बातम्यांत कुणाला लावतात ते आपण रोज वाचतो. आजींचा प्रश्न अगदी रास्त आहे. ‘आघातोत्तर ताण विकार’ हे मला सर्वांत बरं वाटतं. युद्धोत्तर, मरणोत्तर यांच्यामुळे ‘उत्तर’ कानाला ओळखीचा आहे.

महाडहून, समुपदेशनाचं काम करते:
‘विकार’ला माझंही मत. ‘धसका’ मात्र जवळचा असून पुरता नाही. 2019 मध्ये तिवरे धरण फुटलं, 2021 मध्ये तळिये गावावर दरड आली. अशा वेळी वाचलेल्याला धसका बसणारच, आणि पुष्कळांचा तो काही आठवड्यांत ओसरतो. म्हणूनच त्रास महिनाभराहून जास्त टिकल्याशिवाय हे निदान करत नाहीत.

आजार ओळखू येतो तो घडलेलं परत परत येण्यावरून. नुसती आठवण येत नाही, पाणी आत्ता चढतंय असं अंगाला वाटतं. छाती धडधडते, घाम सुटतो. मग माणूस ती वाट, तो विषय टाळतो. मन बधिर होतं किंवा ‘मी आधी दार उघडलं असतं तर’ म्हणत स्वतःलाच दोष देत राहतं. भांडं पडलं तरी दचकायला होतं, चिडचिड वाढते. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यातून आलेल्या सैनिकांच्या अशा त्रासाला ‘शेल शॉक’ म्हणत, आणि कित्येकांना भित्रे ठरवलं गेलं. आजचं नाव अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत 1980 मध्ये आलं, व्हिएतनाम युद्धानंतर. पण हा आजार फक्त सैनिकांचा नाही. पूर, अपघात, बलात्कार, घरातली मारहाण, कशानंतरही होऊ शकतो.

एक कळकळीची विनंती. ‘काकींनी धसका घेतला’ म्हणू नका, ‘काकींना धसका बसला’ म्हणा. ‘घेतला’ म्हटलं, ‘हाय खाल्ली’ म्हटलं, की जणू त्या बाईनेच काहीतरी केलं असं होतं, आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘सोड आता, विसर.’ विसरायला सांगणं म्हणजे टाळायला सांगणं, आणि टाळण्याने भीती टिकते. उपचार नेमका उलट जातो. तज्ज्ञाच्या सोबतीने, झेपेल तितकं, ती आठवण सांगायची. ज्या जागा सुरक्षित असूनही सुटल्यात तिथे हळूहळू पुन्हा जायचं. ईएमडीआर ही दुसरी पद्धत, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिन शापिरो यांनी 1987 पासून घडवलेली. तीत आठवण मनात धरून तज्ज्ञाच्या हलत्या बोटामागे नजर फिरवायची असते. पण घरच्यांनी धरून वाशिष्ठी नदीच्या काठावर नेऊन उभं करू नये. त्याने त्रास वाढेल.

मालवणहून:
आमच्याकडे ‘तेका काय तरी लागला’ म्हणतात. देवाला गाऱ्हाणं घालून धीर येत असेल तर जरूर घालावं. मात्र ‘बाधा’ शब्द एकदा चिकटला की डॉक्टरकडे जायला वर्षं लागतात, हे मी पाहिलंय.

चिपळूणहून:
आभार. आजींना ‘विकार’ समजला. ‘ट्रिगर’ला काय म्हणावं? आणि रोजच्या गोळीची सवय लागते का?

महाडहून:
‘निमित्त’ म्हणा. पत्र्यावरची सर हे निमित्त, कारण तो पूर. गोळी कोणती ते बघा. सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन यांचं व्यसन लागत नाही. गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या डॉक्टरांना न विचारता एकदम थांबवायच्या नसतात. सवय लागते ती झोपेच्या काही गोळ्यांची. त्या या आजारावरचा इलाज नव्हेत, दुकानातून परस्पर आणू नका. अडलं तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत चालू असतो, मराठीत बोलता येतं. काकी तयार नसतील तर आधी तुम्ही फोन करा.