बॉण्ड चालू असताना सीएमएस: पैसे भरून मोकळं व्हावं की रेटावं?

धानपट्टा:
नमस्कार मंडळी. एमबीबीएस झालं, सध्या एक वर्षाच्या बॉण्डवर (सक्तीच्या सरकारी सेवेवर) गडचिरोली जिल्ह्यातल्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) एमओ (वैद्यकीय अधिकारी) आहे. यंदा यूपीएससीची सीएमएस (केंद्र सरकारची डॉक्टर भरतीची परीक्षा) द्यायची आहे, हातात साडेचार महिने. इथे एमओच्या जागा दोन, माणूस मी एकटा. सकाळी ओपीडी, दर महिन्याच्या ९ तारखेला एएनसीची (गरोदर बायकांच्या तपासणीची) रांग फाटकापर्यंत, आणि रात्री डिलिव्हरी आली की झोपेचं खोबरं. मित्र म्हणतात, बॉण्ड मोडल्याचे १० लाख भर, सुटून ये, पुण्यात क्लास लाव. बाबा एसटीत कंडक्टर होते. १० लाख हा शब्द मी घरात काढूही शकत नाही. दिवसाला दीड-दोन तास मिळतात, तेही तुकड्यातुकड्यांत. मेडिसिनचं जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून धरलंय, तीन आठवडे झाले, कार्डिओतून बाहेर पडत नाहीये. एवढ्यात जमतं का कुणाचं?

रात्रपाळी:
नीट पीजीचा (एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेचा) अभ्यास कर, सीएमएस त्यातच होऊन जाते. वेगळं काही करायची गरज नाही.

आठ_नंबर_फलाट:
रात्रपाळी, रागावू नका, पण हाच सल्ला ऐकून माझं एक वर्ष गेलं. दुसऱ्या खेपेला लागले, आता रेल्वेत एडीएमओ (सहायक विभागीय वैद्यकीय अधिकारी) आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धानपट्टा, आधी ते पुस्तक मिटव. पेपर दोन, प्रत्येकी १२० प्रश्न, २५० गुण, दोन तास. पहिल्यात मेडिसिनचे ९६ आणि पेडियाट्रिक्सचे २४. दुसऱ्यात सर्जरी, गायनॅक, पीएसएम (सामाजिक आरोग्यशास्त्र), प्रत्येकी ४०. म्हणजे पीएसएमला सर्जरीएवढंच वजन! मी पहिल्या वर्षी नीट पीजीच्या नादात अॅनाटॉमी-बायोकेमिस्ट्री घोकत बसले आणि पीएसएमला शेवटचे दोन दिवस दिले. पहिला पेपर बरा गेला, दुसऱ्याने झोपवलं.

आणि तू पीएसएममध्येच राहतोयस की रे! माझी बॉण्डची पीएचसी रायगडात होती. पहिल्या खेपेला मी तिला शिक्षा समजले. दुसऱ्या खेपेला आमच्या सिस्टरांच्या मागे कोल्ड चेनच्या (लसी थंड ठेवायच्या) खोलीत जाऊन उभी राहायला लागले. आयएलआरमध्ये (लसींच्या फ्रीजमध्ये) पेंटा आणि हेप-बी या लसी तळाशी का ठेवत नाहीत, बीसीजीची उघडलेली व्हायल चार तासांत का फेकायची आणि पेंटाची २८ दिवस का चालते, व्हीव्हीएमचा (व्हायलवरच्या, उष्णतेने रंग बदलणाऱ्या खुणेचा) आतला चौकोन कधी नापास करायचा, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. मला वाचून पाठ होत नव्हतं. उपकेंद्र सपाट भागात ५,००० लोकांमागे आणि आदिवासी-डोंगरी भागात ३,००० मागे, हे तर तुझ्या भिंतीवरच्या नकाशात दिसत असेल. कुष्ठरोगाचं कार्ड भरताना पीबी (कमी जंतूंचा) ६ महिने औषध, एमबी (जास्त जंतूंचा) १२ महिने असं मनात म्हण. झाला एक प्रश्न.

मेडिसिनचंही तसंच. अभ्यासक्रमात विषबाधा, सर्पदंश स्पष्ट लिहिलेलं आहे. आमच्याकडे विंचू फार. थंड पडलेले हातपाय, दरदरून घाम, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे जगाला कळलेलं प्राझोसिन हे औषध. तुझ्याकडे मण्यार असेल. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतो, दंश दिसत नाही, पापण्या जड. रक्त गोठतं का बघायची २० मिनिटांची क्लॉटिंग टेस्ट नॉर्मल. ज्याने असा एक पेशंट अँब्युलन्समध्ये अंबू (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबत नेलाय, त्याला पर्याय वाचावे लागत नाहीत.

दीड तास कसा वापरायचा? जुने पेपर यूपीएससीच्या साइटवर फुकट आहेत. मी रोज ३० प्रश्न सोडवायचे, चुकलेल्या प्रश्नाचा तेवढाच भाग पुस्तकात शोधायचे. मागची दहा वर्षं अशी दोनदा झाली. क्लास लावला नाही. (लावणाऱ्यांना नावं ठेवत नाही, मला तिथे झोप येते.)

चुकीला एकतृतीयांश कापतात, हे हलक्यात घेऊ नकोस. बरोबरला साधारण २.०८, चुकीला ०.६९ वजा. पहिल्या वर्षी शेवटच्या दहा मिनिटांत मी ३० प्रश्नांना आंधळेपणाने क्लिक केलं. पुढे उत्तरतालिकेशी ताडून पाहिलं, तर ६ बरोबर, २४ चूक. साडेबारा मिळाले, साडेसोळाच्या वर गेले. दोन पर्याय नक्की खोडता आले तरच उडी मार, तिथे मात्र घाबरू नकोस.

१० लाख भरू नकोस. हे मी कंडक्टरच्या मुलाला सांगायची गरज नाही, पण सांगते.

टाके_घालणारा:
ताईंचं पटलं, एक भर घालतो. सर्जरीचे ४० म्हणजे हर्निया-अपेंडिक्स एवढंच नाही. डोळे, कान-नाक-घसा, हाडं, भूल सगळं त्याच डब्यात. आणि पीएचसीने मेडिसिन सगळं येत नाही. एन्डोक्राइन (ग्रंथींचे आजार), हिमॅटॉलॉजी (रक्ताचे आजार) तिथे कुठून दिसणार? त्यासाठी रविवार बांधून घे. बॉण्डच्या रम्य आठवणींवर ९६ प्रश्न सुटत नाहीत.

आठ_नंबर_फलाट:
खरंय. माझं हिमॅटॉलॉजी शेवटपर्यंत कच्चंच राहिलं.

धानपट्टा:
सगळ्यांचे आभार. ताई, मण्यारीचं वाचून अंगावर काटा आला, गेल्या पावसाळ्यात अगदी अशीच केस होती. निओस्टिग्मिनच्या इंजेक्शनने फरक पडला नाही, का ते तेव्हा कळलं नव्हतं.

आज सिस्टरांना विचारलं, आयएलआर दाखवता का? त्या म्हणाल्या, डॉक्टरसाहेब, तपासणीला कोण येतंय? एक प्रश्न राहिला. १०० गुणांच्या मुलाखतीची भीती वाटते. माझं इंग्रजी फाइलमध्ये चालतं, तोंडात नाही.

आठ_नंबर_फलाट:
मण्यारीचं विष मज्जातंतूच्या टोकावरच घाव घालतं, सोडायला अॅसिटिलकोलीनच (स्नायूला निरोप देणारं रसायन) उरत नाही. मग ते टिकवून धरणारं निओस्टिग्मिन वाचवणार काय? नागाच्या दंशात उपयोग होतो. हा प्रश्न लिहून ठेव.

मुलाखतीचं लेखी पास झाल्यावर बघू. मला दिल्लीत विचारलं होतं, पीएचसीत फ्रीज बंद पडला तर काय कराल. सिस्टरांनी जे केलं होतं तेच सांगितलं, मोडक्या इंग्रजीत. तू आज कोल्ड चेनच्या खोलीत गेलास की नाही ते सांग.

धानपट्टा:
गेलो. थर्मामीटरवर ४ होतं. लॉगबुकात संध्याकाळची नोंद सकाळीच भरून ठेवलेली होती, त्यावर सिस्टर आणि मी दोघंही गप्प बसलो.