मदत हवी आहे: ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मधला मार्लो आणि कॉनरॅड

एम.ए.च्या सेमिनारसाठी इंग्रजी कादंबरीकार जोसेफ कॉनरॅडच्या या कादंबरीवर (१८९९) लिहितेय. टेम्सवर नांगरलेल्या बोटीत खलाशी मार्लो आपल्या आफ्रिकेतल्या प्रवासाची गोष्ट सांगतो आणि आपल्यापर्यंत ती पोचवतो दुसराच, नाव नसलेला निवेदक. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांनी १९७५च्या व्याख्यानात कॉनरॅडला वंशवादी ठरवलं. ही दुहेरी चौकट त्यांना बचाव म्हणून मान्य नव्हती. मलाही ते पटतं. झाडाखाली मरायला टेकलेला तो आफ्रिकी मजूर, गळ्यात पांढरा धागा, हातात मार्लोनं दिलेलं बिस्किट, आणि तोंडी एक शब्द नाही! पण बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याच्या ताब्यातल्या काँगोतली लूट उघडी पाडणारी कादंबरीही हीच. मार्लोच्या नजरेपासून कॉनरॅड स्वतःला वेगळा काढतो असं दाखवणारे नेमके कोणते उतारे आहेत? मराठीत कुणी यावर लिहिलं असेल तर तेही कृपया सुचवा.