प्रश्न क्र. ७ : नेत्रावळकर ‘दोन देशांकडून’ धरायचा की नाही? (उद्या सकाळी छपाई)

प्रेषक : प्रश्नमंजुषा समिती
गुरुवार, रात्री ८.१०

मंडळी,

उद्या सकाळी नऊला कागद छापायला द्यायचेत. बाकी सगळं ठरलंय, फक्त क्रिकेट फेरीतला सातवा प्रश्न अडलाय. प्रश्न असा :

‘पुढीलपैकी कोणता खेळाडू दोन देशांकडून खेळला आहे? (अ) बेन स्टोक्स (आ) इऑन मॉर्गन (इ) सौरभ नेत्रावळकर (ई) एजाज पटेल’

उत्तरपत्रिकेत (आ) आहे. दुपारी स्कोअरर काकांचा फोन आला की (इ) सुद्धा बरोबर धरावं लागेल. गेल्या वर्षी काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. पुन्हा तेच नको. आज रात्रीच काय ते कळवा.

---

प्रेषक : स्कोअरर काका
रात्री ८.३५

फोनवर अर्धवट बोलणं झालं म्हणून इथे लिहितो.

नेत्रावळकर २०१० चा १९ वर्षांखालील विश्वचषक न्यूझीलंडमध्ये भारताकडून खेळला. के. एल. राहुल, मयंक अगरवाल, जयदेव उनाडकट त्याच संघात होते आणि त्या स्पर्धेत भारताकडून सर्वाधिक बळी यानेच घेतले. अंगावर भारताची जर्सी होती की नव्हती? पुढे मुंबईकडून रणजीत पदार्पण झालं, मग २०१५ मध्ये शिक्षणासाठी अमेरिकेला गेला आणि तिकडच्या संघात आला. म्हणजे देश दोन झाले.

एक सांगतो. २०१० ला उपांत्यपूर्व फेरीत पाकिस्तानने आपल्याला हरवलं, त्या पाकिस्तानी संघात बाबर आझम होता. चौदा वर्षांनी, ६ जून २०२४ ला डलासजवळ बाबरच्याच पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर (बरोबरीनंतरचं जादा षटक) टाकायला याच्या हातात चेंडू आला. अठरा धावा राखायच्या होत्या, याने तेरा दिल्या. मी त्या दिवशी वहीत चेंडूगणिक लिहून ठेवलंय. अशा माणसाचा भारताचा हिशोब शून्य धरायचा, हे मला पटत नाही.

---

प्रेषक : जुने कप्तान
रात्री ८.५२

काका, तुमच्या वहीबद्दल आदर आहे, पण इथे ती चालणार नाही. १९ वर्षांखालील सामने कसोटी, एकदिवसीय किंवा टी-२० आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या नोंदीत धरत नाहीत. तुमचा नियम लावला तर इम्रान ताहिरही दोन देशांचा होईल. जन्म लाहोरचा, पाकिस्तानच्या १९ वर्षांखालील संघात होता, पण आंतरराष्ट्रीय कारकीर्द सगळी दक्षिण आफ्रिकेकडून, २०११ च्या विश्वचषकापासून. हरमीत सिंगही तसाच. २०१२ चा १९ वर्षांखालील विश्वचषक भारताकडून जिंकला, मग अमेरिकेकडून खेळला. मग ‘दोन देश’ या शब्दांना अर्थ काय उरतो?

आयसीसीची, म्हणजे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेची, पात्रता सरळ आहे. त्या देशात जन्म, किंवा त्या देशाचं नागरिकत्व, किंवा लागोपाठ तीन वर्षं तिथे वास्तव्य. यातलं एक असलं की पुरे. आणि एका पूर्ण सदस्य (कसोटीचा दर्जा असलेल्या) देशाकडून खेळून झालं असेल तर दुसरीकडे जाताना मध्ये तीन वर्षं रिकामी जावी लागतात. कोरी अँडरसन न्यूझीलंडकडून शेवटचा २०१८ ला खेळला, अमेरिकेकडून २०२४ ला आला. त्याला म्हणायचं दोन देशांचा खेळाडू.

उत्तर (आ). मॉर्गन २००६ ला आयर्लंडकडून पहिल्याच एकदिवसीय सामन्यात ९९ वर बाद झाला आणि २००९ पासून इंग्लंडकडून खेळला. विषय संपला.

---

प्रेषक : ताई (ग्रंथालय)
रात्री ९.२०

विषय संपला नाही, कारण माझा मुद्दा प्रश्नाचा नाही, फेरीच्या नावाचा आहे. कागदावर वर ‘परके खेळाडू’ असं लिहिलंय. हे कोणी ठरवलं?

एजाज पटेल मुंबईत जन्मला, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. क्रिकेट तिकडे शिकला, सुरुवातीला वेगवान टाकायचा, फिरकीकडे नंतर वळला. डिसेंबर २०२१ ला वानखेडेवर त्याने एका डावात भारताचे दहाच्या दहा बळी घेतले, ११९ धावांत. कसोटीत जिम लेकर आणि अनिल कुंबळे यांच्यानंतर तोच. त्याचा संघ पुढच्याच डावात ६२ वर आटोपला आणि सामना ३७२ धावांनी हरला, तरी सगळं वानखेडे उभं राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होतं. २०२४ ला परत त्याच मैदानावर अकरा बळी घेतले आणि या वेळी जिंकूनही गेला. हा माणूस नक्की कोणाला परका? मुंबईला, की न्यूझीलंडला?

मला हा शब्द का लागतो ते सांगते. माझी लेक पाच वर्षांची असताना आम्ही इथे आलो. गेल्या मोसमात वयोगटाच्या निवडीला गेली होती. गोलंदाजी झाली, सगळं छान झालं, आणि यादी लिहिणाऱ्या बाईंनी तिला विचारलं, “तू नक्की कुठली?” तिने इथलं उत्तर दिलं. बाई म्हणाल्या, “तसं नाही, खरं कुठली?” गाडीत बसल्यावर तिने मला विचारलं, आई, खरं कुठलं म्हणजे काय? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. ती शनिवारी या प्रश्नमंजुषेला बसणार आहे. तिच्या हातात ‘परके खेळाडू’ असं लिहिलेला कागद जाऊ नये.

आणि दहा प्रश्नांत एकही बाई नाही. किम गार्थ डब्लिनची, आयर्लंडकडून शंभराहून जास्त सामने खेळली आणि २०२२ च्या डिसेंबरात भारताविरुद्ध ऑस्ट्रेलियाकडून उतरली. माहिका गौर इंग्लंडमध्ये जन्मली, बाराव्या वर्षी संयुक्त अरब अमिरातीकडून खेळली आणि २०२३ ला इंग्लंडकडून. सातव्या प्रश्नाला या दोघी चालल्या नसत्या का?

---

प्रेषक : खजिनदार
रात्री ९.२८

प्रती साठच छापा. गेल्या वर्षी जास्तीच्या तशाच पडून राहिल्या.

---

प्रेषक : नाना
रात्री ९.४६

ताईंच्या लेकीबद्दल वाचून वाईट वाटलं. पोरीला सांगा, आजोबांच्या वयाचा एक माणूस म्हणतो की तू इथलीच.

पण लहानपणी आईबापाबरोबर आलेलं मूल वेगळं आणि चांगला कळता होऊन दुसऱ्या देशाची टोपी घालणारा वेगळा. स्टोक्स बारा वर्षांचा असताना वडिलांच्या रग्बी प्रशिक्षणाच्या नोकरीमुळे क्राइस्टचर्चहून इंग्लंडला आला. त्याने २०१९ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्धच नाबाद ८४ केल्या, त्याला मी काही म्हणणार नाही. लाबुशेन दहाव्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतून ऑस्ट्रेलियाला गेला, तोही तसाच. पण जोफ्रा आर्चर? बार्बाडोसचा, वडील ब्रिटिश. इंग्लंडच्या मंडळाचा स्वतःचा नियम सात वर्षं वास्तव्याचा होता. नोव्हेंबर २०१८ ला तो तीनवर आणला, मे महिन्यात आर्चर संघात आला आणि १४ जुलैला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याची सुपर ओव्हर टाकत होता. त्याच्यासाठी ज्याला शेवटच्या क्षणी वगळलं तो डेव्हिड विली चार वर्षं त्या संघाबरोबर घासत होता. नियमात बसलं हे मान्य. पण रांगेत उभ्या असलेल्याचा विचार कोणी करायचा?

दुसरं, लहान देशांचं. आयर्लंडने एड जॉइस दिला, मॉर्गन दिला, बॉइड रँकिन दिला. सहसदस्य (कसोटीचा दर्जा नसलेल्या) देशातून पूर्ण सदस्य देशात जाताना थांबावं लागत नाही, म्हणून झाड त्यांनी वाढवायचं आणि फळ शेजाऱ्याने तोडायचं. आयर्लंडला कसोटीचा दर्जा २०१७ ला मिळाला, तोवर मॉर्गन इंग्लंडचा कर्णधार झालेला होता. याची चीड मला आजही येते.

---

प्रेषक : जुने कप्तान
रात्री १०.०२

नाना, कसोटी खेळायचं स्वप्न असेल तर मॉर्गनने काय करायला हवं होतं? त्याच्या देशाला कसोटी खेळायलाच देत नव्हते. चीड त्या दरवाजावर काढा, त्यातून गेलेल्या मुलावर नको. आणि जॉइस, रँकिन दोघेही परत आयर्लंडला आले. रँकिनने जानेवारी २०१४ ला सिडनीत इंग्लंडकडून कसोटी खेळली आणि मे २०१८ ला मालाहाइडला आयर्लंडच्या पहिल्या कसोटीतही तो होता.

---

प्रेषक : गेल्या वर्षीचे प्रश्नमंजुषा प्रमुख
रात्री १०.१०

गेल्या वर्षाचा उल्लेख वर आला म्हणून लिहिणं भाग आहे. ‘भारतात जन्मलेला इंग्लंडचा कर्णधार’ याचं उत्तर आम्ही नासिर हुसेन धरलं होतं. तीन नंबरच्या टेबलाने डग्लस जार्डिन लिहिलं, पाच नंबरने कॉलिन कॉड्री. जार्डिनचा जन्म मुंबईचा, कॉड्रीचा उटीचा, हुसेनचा मद्रासचा. तिन्ही बरोबर होती आणि आम्ही तिघांनाही गुण दिले. चूक प्रश्नाच्या शब्दांत होती, ती मी त्याच दिवशी व्यासपीठावरून मान्य केली. निकाल बदलला नव्हता, हे नवीन सभासदांना कळावं.

समितीला एकच विनंती. बदल समितीनेच करावेत, सगळ्यांना जाणाऱ्या या यादीवर मतदान घेऊन नव्हे. नाहीतर शनिवारी बसणाऱ्या प्रत्येकाला प्रश्न आधीच माहीत झालेले असतील.

---

प्रेषक : स्कोअरर काका
रात्री १०.१८

प्रश्न फुटला हे खरं. माझ्यामुळेच फुटला. सातवा आता बदलावाच लागेल.

---

प्रेषक : डॉक्टर काका
रात्री १०.४१

नानांनी ‘कळता होऊन दुसऱ्या देशाची टोपी’ म्हटलं, त्यावर दोन शब्द.

माझ्या वडिलांनी मला क्रिकेटमधली पहिली गोष्ट सांगितली ती बॅसिल डॉलिव्हेराची. केपटाऊनचा. वर्णभेदाच्या कायद्यामुळे त्याच्या स्वतःच्या देशात त्याला गोऱ्यांच्या संघात जागा नव्हती, म्हणजे देशाच्या संघातच नव्हती. तो इंग्लंडला गेला, १९६६ ला तिशी उलटल्यावर इंग्लंडकडून कसोटीत उतरला. ऑगस्ट १९६८ ला ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ केल्या. तरी दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्याच्या संघातून त्याला वगळलं. मग टॉम कार्टराइट दुखापतीने बाहेर गेला, त्याच्या जागी याला घेतलं आणि तिकडच्या पंतप्रधानांनी, फोर्स्टर यांनी, असा संघ चालणार नाही म्हणून सांगितलं. दौरा रद्द झाला. १९७० नंतर दक्षिण आफ्रिका एकवीस वर्षं आंतरराष्ट्रीय क्रिकेटबाहेर राहिली, त्यामागे या प्रकरणाचा मोठा वाटा आहे.

वडील सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. ते स्वतः नोकरीसाठी देश सोडून आले होते आणि पहिली दोन वर्षं त्यांना त्यांच्या शिक्षणाचं काम मिळालं नव्हतं. डॉलिव्हेराने देश सोडला असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. देशाने त्याला बाहेर ठेवलं, असंच ते म्हणत. नाना, प्रत्येक टोपीमागे काय आहे ते बाहेरून दिसत नाही, एवढंच.

---

प्रेषक : नाना
रात्री १०.५५

डॉक्टर, डॉलिव्हेराला मी कधीच त्यात धरलं नव्हतं. माझं लिहिणं तसं वाचलं गेलं असेल तर मागे घेतो. विलीचं मात्र मागे घेत नाही.

ग्रँट इलियटचं राहिलं. जोहान्सबर्गचा. २०१५ ला ऑकलंडला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात न्यूझीलंडला दोन चेंडूंत पाच हव्या होत्या. त्याने जन्मदेशाच्या डेल स्टेनला षटकार मारला, आणि मग खेळपट्टीवर पडलेल्या स्टेनला उठवायला हात पुढे केला. तो हात मी विसरलेलो नाही.

---

प्रेषक : वहिनी (नाट्यविभाग)
रात्री ११.०५

वसईचा स्वप्निल पाटील कोणालाच आठवला नाही? संयुक्त अरब अमिरातीचा यष्टीरक्षक, २०१५ च्या विश्वचषकात होता. आणि भारताच्या बाजूने बघायचं तर रॉबिन सिंग. जन्म त्रिनिदादचा, आणि १९८९ ला भारताकडून पदार्पण वेस्ट इंडीजच्याच दौऱ्यात. आपल्याकडे आलेल्याला आपण लगेच आपला म्हणतो. मग आपल्यातून गेलेल्यालाही त्या देशाने आपला म्हटलं तर बरोबरच आहे.

---

प्रेषक : प्रश्नमंजुषा समिती
रात्री ११.३०

सगळ्यांचे आभार. समितीच्या तिघांशी आत्ता बोललो. ठरलं ते असं.

फेरीचं नाव बदललं : ‘जन्म एका देशात, खेळ दुसऱ्या देशासाठी’. ताई, लेकीला नक्की घेऊन या.

जुना सातवा प्रश्न काढला, नवीन घातला. तो यादीवर टाकत नाही. त्यात ‘वरिष्ठ राष्ट्रीय संघाकडून अधिकृत आंतरराष्ट्रीय सामने’ असे शब्द आहेत आणि उत्तर एका महिला खेळाडूचं आहे. वर ज्यांची नावं आली त्या दोघींपैकी कोणी नाही. काका, तुमचा नेत्रावळकर तोंडी फेरीत घेतलाय. त्याने न्यूयॉर्कला कोहली आणि रोहित दोघांना बाद केलं त्यावर प्रश्न आहे, तो तुम्हीच वाचून दाखवायचा.

तोंडी फेरीची घंटा गेल्या वर्षीनंतर कोणाच्या घरी आहे? समितीकडे नाही.

---

प्रेषक : गेल्या वर्षीचे प्रश्नमंजुषा प्रमुख
रात्री ११.३४

घंटा माझ्याकडे आहे. शनिवारी अर्धा तास आधी घेऊन येतो.

---

प्रेषक : स्कोअरर काका
रात्री ११.४०

वाचतो. पण १९ वर्षांखालील विश्वचषकाची दोन वाक्यं आधी बोलू द्या.